सैनिकांच्या धर्मगुरूंचे पाठीराखे : बिशप अनास्तासियस हार्टमन

दर बुधवारी वडाळा, शीव, माटुंगा, दादर ह्या परिसरातून हजारो भाविक माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये नोव्हेनासाठी जात असतात. कॅथलिकांच्या बरोबरीने हिंदू, पारशी आणि मुस्लिम बांधवही मेणबत्त्या घेऊन रांगेत उभे असतात. ह्याच चर्चमध्ये १८५३ च्या मार्च महिन्यात एका बिशपांनी स्वतःला आपल्या अनुयायांसह कोंडून घेतले होते आणि बाहेर विरोधकांचा वेढा पडला होता, ही हकीकत त्या रांगेतल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल. ते बिशप म्हणजे कपुचिन संघाचे स्विस मिशनरी अनास्तासियस हार्टमन. मुंबईच्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात त्यांचे नाव दोन गोष्टींसाठी घेतले जाते. एक हा माहीमचा वेढा आणि दुसरी म्हणजे १८५० साली त्यांनी सुरू केलेले 'एक्झामिनर' हे साप्ताहिक. त्यांच्या आयुष्याचा एक तिसरा धागा मात्र मागे पडलेला आहे. हिंदुस्थानातील छावण्यांमध्ये सैनिकांची सेवा करणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंना माणूस म्हणून आणि धर्मगुरू म्हणून जगता यावे ह्यासाठी त्यांनी सरकारशी दीर्घकाळ झुंज दिली. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्या धाग्याचा मागोवा घ्यावयाचा आहे.

हार्टमन ह्यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८०३ रोजी स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न प्रांतातील आल्टविस ह्या खेड्यात झाला. वयाच्या अठराव्या वर्षी ते कपुचिन संघात दाखल झाले आणि १८२५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढील अनेक वर्षे त्यांनी आपल्या संघाच्या मठांमध्ये नवदीक्षितांना घडविण्यात आणि तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकविण्यात घालविली. ते मूळचे अभ्यासू वृत्तीचे होते. परंतु परदेशातील मिशनची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. वरिष्ठांची संमती मिळविण्यात बराच काळ गेला आणि चाळिशी ओलांडल्यानंतर, १८४४ साली, ते आग्रा येथे पोहोचले. ज्या वयात माणूस आपल्या कामाची घडी बसलेली पाहतो, त्या वयात ह्या प्राध्यापकांनी नवी भाषा, नवे हवामान आणि नवी माणसे ह्यांच्याशी जुळवून घेण्यास आरंभ केला.

वर्ष-दीड वर्षातच रोमने पाटणा येथे नवे व्हिकारिएट स्थापन केले आणि त्याची धुरा हार्टमन ह्यांच्या खांद्यावर ठेवली. १८४६ मध्ये त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. बिहार, नेपाळ, सिक्कीम आणि भोवतालचा प्रचंड प्रदेश त्यांच्या अधिकाराखाली होता, आणि हाताशी धर्मगुरू मोजकेच होते. पाटणा शहरातले 'पादरी की हवेली' हे जुने चर्च, बेतिया व चुहडी येथील देशी ख्रिस्ती वस्त्या आणि गंगेकाठची दानापूरची लष्करी छावणी ही त्यांच्या कामाची प्रमुख ठिकाणे होती.

ह्या छावण्यांमध्ये कोण होते, हे समजून घेतल्याशिवाय हार्टमन ह्यांच्या धडपडीचा अर्थ लागत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींमध्ये त्या काळी जवळजवळ निम्मे सैनिक आयर्लंडचे होते आणि त्यांतील फार मोठा भाग कॅथलिक होता. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला आणि पोटासाठी लाल डगला चढविणाऱ्यांची संख्या वाढली. ही मुले खेड्यांतून आलेली, घरी आईबरोबर रोझरीची प्रार्थना म्हणत वाढलेली होती. इथे आल्यावर दारू, ऊन, ताप आणि पटकी ह्यांनी त्यांना ग्रासले. रणांगणावर मरणाऱ्यांपेक्षा इस्पितळात मरणारे अधिक होते. कॅथलिक माणसाला मरतेवेळी पापनिवेदन, अंत्याभ्यंग आणि ख्रिस्तशरीर लाभणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. तो मुलगा परक्या मुलखात, धर्मगुरूविना मरत होता.

अशा ठिकाणी काम करणाऱ्या धर्मगुरूचा दिवस पहाटेच्या मिस्साने सुरू होई. ऊन चढण्यापूर्वी बराकीत किंवा तंबूत मिस्सा उरकावी लागे. त्यानंतर इस्पितळाची फेरी, कैदेत असलेल्या सैनिकांची भेट, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग आणि बहुधा संध्याकाळी एखादे दफन असे. एकाच धर्मगुरूकडे दोन-तीन छावण्या असत. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यासाठी बैलगाडी, पालखी किंवा गंगेतील होडी हीच साधने होती. पलटण कूच करू लागली की धर्मगुरूंनाही तिच्यामागे जावे लागे. वेदीचा पवित्र दगड, चाळीस, द्राक्षारस, अभ्यंगाचे तेल आणि मिस्साची वस्त्रे ह्यांची पेटी सांभाळणे हे एकट्याचे काम नव्हते.

इथे त्या धर्मगुरूंच्या मदतनिसांचा विचार केला पाहिजे, कारण इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना जागा मिळत नाही. मिस्साला सेवा देणारा एखादा भाविक सैनिक असे. इस्पितळातील कोणत्या खाटेवरचा मुलगा रात्र काढणार नाही, हे तोच येऊन सांगत असे. देशी ख्रिस्ती कॅटेकिस्ट दुभाषाचे काम करी आणि मुलांना प्रार्थना शिकवी. पेन्शनीत निघालेला एखादा आयरिश हवालदार चर्चची किल्ली सांभाळी. पटकीची साथ आली की ही माणसेही धर्मगुरूंबरोबर त्याच खोलीत, त्याच अंथरुणांजवळ वावरत. रोग्याला उचलून धरणे, पाणी पाजणे, डोळे मिटविणे, खड्डा खणणे ही कामे त्यांच्याच वाट्याला येत. कंपनीचा भत्ता मिळाला तरी तो धर्मगुरूंना मिळे, ह्या माणसांना नव्हे. पुढच्या शतकातील पहिल्या महायुद्धात पोप तेविसावे जॉन हे इटालियन लष्करात आधी वैद्यकीय पथकाचे सार्जंट होते आणि मग लष्करी धर्मगुरू झाले. तेयार द शार्दँ हे येशूसंघीय विद्वान फ्रेंच पलटणीत जखमींना वाहून नेणारे शिपाई होते. त्यांच्याविषयी आपण वाचतो, कारण ते पुढे मोठे झाले. दानापूरच्या त्या कॅटेकिस्टांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

आता पैशाचा प्रश्न. चर्च ऑफ इंग्लंडचे चॅप्लेन कंपनीचे पगारी अधिकारी होते. त्यांना भरघोस वेतन, बढती, रजा आणि पेन्शन होते. कॅथलिक धर्मगुरू त्याच छावणीत, तितक्याच किंवा अधिक सैनिकांची सेवा करी. त्याला मात्र एक तुटपुंजा भत्ता मिळे आणि कित्येक ठिकाणी तोही मिळत नसे. तो आजारी पडला तर औषधपाण्याची सोय मिशनने करावी, आणि तो मेला तर त्याच्या जागी दुसरा मिशननेच पाठवावा, अशी व्यवस्था होती. काही लोक म्हणतील की कपुचिन संन्याशाला पगार कशाला हवा? हार्टमन स्वतः अत्यंत साधे राहत असत, त्यामुळे त्यांच्यावर लोभाचा आरोप करणे कोणालाच शक्य नव्हते. त्यांचा मुद्दा वेगळा होता. जो सैनिक सरकारसाठी प्राण देतो, त्याच्या मरणाच्या वेळी त्याच्या धर्माचा गुरू जवळ असावा ही त्या सरकारचीच जबाबदारी आहे, ती भीक नव्हे, अशी त्यांची धारणा होती.

त्यांना त्याहून अधिक सलणारी गोष्ट म्हणजे सैनिकांची अनाथ मुले. बाप लढाईत किंवा तापाने गेला, आई साथीत गेली, की मूल सरकारी मदतीवर चालणाऱ्या अनाथालयात जाई. हेन्री लॉरेन्स ह्यांनी १८४७ साली सनावर येथे काढलेले आश्रमगृह असो की आपल्या भायखळ्याची एज्युकेशन सोसायटीची शाळा असो, तिथले धर्मशिक्षण प्रॉटेस्टंट पंथाचे होते. कॅथलिक बापाची लेकरे अशा रीतीने आपल्या धर्मापासून नकळत तुटत होती. लॉरेन्स किंवा भायखळ्याच्या शाळेचे चालक हे दुष्ट नव्हते. उघड्यावर पडलेल्या मुलांना त्यांनी छप्पर आणि शिक्षण दिले, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या मुलांच्या वतीने विचारणारे कोणीतरी हवे होते आणि हार्टमन ह्यांनी ते काम अंगावर घेतले. बव्हेरियातून मेरी वॉर्ड ह्यांच्या परंपरेतील धर्मभगिनींना त्यांनी पाटण्यास बोलाविले. त्या १८५३ साली आल्या आणि बांकीपूर येथे मुलींची शाळा व अनाथालय उभे राहिले.

दरम्यान १८४९ मध्ये रोमने त्यांच्यावर मुंबईची जबाबदारीही सोपविली. मुंबईचे व्हिकारिएट म्हणजे केवळ हे बेट नव्हते. कुलाबा, पुणे, खडकी, अहमदनगर आणि थेट कराची अशा छावण्यांची एक माळच मुंबई इलाख्यात पसरलेली होती. कराचीत आणि पुण्यात कॅथलिकांनी जी देवळे बांधली, त्यांना आयर्लंडचे आश्रयदाते संत पॅट्रिक ह्यांचे नाव दिले, ह्यावरूनच तिथे कोण गुडघे टेकीत होते हे कळते. पुण्याचे संत पॅट्रिक चर्च १८५० सालचे आहे आणि आज ते पुणे धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे. त्याच सुमारास कुलाब्यास पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ अँग्लिकन चर्च उभारले जात होते. आज आपण त्यास अफगाण चर्च म्हणून ओळखतो. त्या युद्धात मेलेल्यांमध्ये कॅथलिकही होतेच.

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या धर्मगुरूंचा प्रवास होडीने पनवेल आणि तिथून बोरघाट चढून होत असे. बोरघाटातून आगगाडी धावू लागली ती १८६३ मध्ये. पावसाळ्यात हा रस्ता कसा असेल, ह्याची कल्पना वाचकांनी करावी. आपल्या वडाळ्यात तेव्हा मिठागरे होती आणि माहीम हे मुंबई बेटाचे उत्तर टोक मानले जाई.

मुंबईत आल्यानंतर वर्षभरातच त्यांनी 'बॉम्बे कॅथलिक एक्झामिनर' सुरू केले. ह्या कामी त्यांचे तरुण सहकारी फादर इग्नेशियस पेर्सिको ह्यांची मोठी साथ होती. नेपल्सचे हे कपुचिन १८४६ मध्ये पाटण्यास आले होते आणि हार्टमन ह्यांनी त्यांना आपले निकटचे साहाय्यक केले होते. कॅथलिकांची बाजू सरकारपुढे आणि सुशिक्षित समाजापुढे इंग्रजीत मांडणारे एक साधन हवे, हे दोघांनीही ओळखले होते. पावणेदोनशे वर्षांनंतरही ते साप्ताहिक मुंबई महाधर्मप्रांतातून प्रसिद्ध होत आहे.

माहीमच्या वेढ्याविषयी थोडक्यात. मुंबईत तेव्हा पोर्तुगालच्या पाद्रोआदोचा आणि रोमच्या प्रोपागांदाचा असे दोन अधिकार एकाच वेळी चालत होते आणि चर्चेस त्यांच्यात वाटली गेली होती. १८५३ च्या आरंभी मकावचे बिशप मुंबईत येऊन पाद्रोआदोच्या बाजूने धार्मिक विधी करू लागले, तेव्हा वाद भडकला. वरच्या माहीमचे संत मायकल चर्च हातचे जाऊ नये म्हणून हार्टमन आत जाऊन बसले. सुमारे दोन आठवडे ते आणि त्यांचे लोक आत होते. शेवटी सरकारी अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप केला आणि चर्च पाद्रोआदोकडे गेले. ही दुहेरी सत्ता पुढे १९२८ च्या करारानेच संपली. दोन्ही बाजूंना श्रद्धावान माणसे होती, आणि ज्या गोव्याच्या धर्मगुरूंना त्या काळच्या लेखनात बंडखोर म्हटले गेले, त्यांनीच मुंबई व साष्टीतील देशी ख्रिस्ती समाजाची पिढ्यानपिढ्या सेवा केली होती. हार्टमन ह्यांचा हा पराभव गाजला, पण प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे खरे मोठेपण तिथे शोधू नये.

ते शोधावे ते त्याच वर्षी त्यांनी उचललेल्या दुसऱ्या पावलात. १८५३ मध्ये कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण ब्रिटिश संसदेपुढे होते. हार्टमन ह्यांनी फादर पेर्सिको ह्यांना युरोपात धाडले. मुंबईतील वादाची हकीकत पोपमहोदयांना निवेदन करावी आणि हिंदुस्थानातील कॅथलिकांची गाऱ्हाणी लंडनमध्ये सरकारपुढे ठेवावी, अशी दुहेरी कामगिरी त्यांच्यावर होती. पुढल्याच वर्षी पेर्सिको ह्यांना बिशपपदाचा अभिषेक झाला. १८५६ मध्ये हार्टमन स्वतः युरोपात गेले आणि लंडनमध्ये सैनिकांचे धर्मगुरू, सैनिकांची अनाथ मुले आणि कॅथलिक शाळा ह्यांच्यासाठी प्रयत्न करू लागले. अनुकूल असे एक कारण नुकतेच घडले होते. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश लष्कराबरोबर गेलेले अनेक कॅथलिक धर्मगुरू तापाने व साथीने दगावले होते आणि त्यांच्या त्यागाची दखल इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट समाजालाही घ्यावी लागली होती.

हार्टमन लंडन आणि रोमच्या वाऱ्या करीत असतानाच १८५७ चा उठाव झाला. त्यांनी आजवर कागदावर जे मांडले होते, ते आता डोळ्यांपुढे घडू लागले. मे महिन्यात दिल्ली पडली त्या वेळी तेथील कपुचिन फादर झकारियास मारले गेले. कानपूरच्या वेढ्यात जून महिन्याच्या भाजून काढणाऱ्या उन्हात एक कॅथलिक धर्मगुरू सैनिकांबरोबर अडकले होते. अन्न संपत आलेले असतानाही आयरिश शिपाई आपल्या वाट्यातील घास काढून त्यांना देत असत. शिधा तोलून मिळत होता आणि पाण्यासाठी विहिरीवर जाणारा प्रत्येक जण गोळीच्या टप्प्यात येत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या घासाची किंमत कळते. ते धर्मगुरू त्या वेढ्यातून जिवंत परतले नाहीत. दिल्लीच्या टेकडीवरील छावणीत फादर बर्ट्रांड हे कपुचिन सेवेत होते. तिथे पटकीचा एवढा कहर होता की मोहिमेचे एक सेनापती, जनरल अ‍ॅन्सन, दिल्लीस पोहोचण्यापूर्वीच कर्नाल येथे आणि त्यांच्यामागून आलेले जनरल बर्नार्ड छावणीतच त्या रोगाने मरण पावले. फादर बर्ट्रांड ह्यांच्या सेवेविषयी त्याच छावणीतील प्रॉटेस्टंट चॅप्लेन रॉटन ह्यांनी आपल्या पुस्तकात आदराने लिहून ठेवले आहे. पेर्सिको तेव्हा आग्रा येथे होते आणि त्यांच्याही जिवावरचे प्रसंग एकाहून अधिक वेळा आले.

इथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. हे धर्मगुरू ज्या लष्कराबरोबर होते ते परकीय सत्तेचे लष्कर होते. उठाव मोडताना त्या लष्कराने गावेच्या गावे जाळली आणि असंख्य माणसे झाडांना टांगली. हार्टमन हे ब्रिटिश राजवटीकडे कायदेशीर सत्ता म्हणून पाहत होते. त्या काळच्या मिशनरी बिशपांकडून वेगळ्या दृष्टीची अपेक्षा करता येत नाही, पण आज आपण भारतीय ख्रिस्ती म्हणून वाचताना मन दोन्हीकडे ओढले जाते. फाशी जाणाऱ्या शिपायाजवळ कोण बसले होते, हा प्रश्न उरतोच. मात्र मरणाऱ्याच्या कानाशी वाकणारा धर्मगुरू त्याच्या अंगावरील डगल्याचा रंग पाहत नाही, आणि हार्टमन ह्यांची मागणी त्या वाकण्यापुरतीच होती.

१८५८ हे वर्ष अनेक अर्थांनी निर्णायक ठरले. कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य आले. ब्रिटिश लष्कराने प्रथमच कॅथलिक धर्मगुरूंना अधिकारपत्र देऊन अधिकाऱ्यांच्या श्रेणीत घेतले. हिंदुस्थानातही सैनिकांची सेवा करणाऱ्या धर्मगुरूंचे भत्ते वाढले आणि कॅथलिक अनाथालयांना सरकारी साह्य मिळू लागले. हे सर्व एकट्या हार्टमन ह्यांचे यश नव्हे. आयरिश खासदार, इंग्लंडचे कॅथलिक आणि हिंदुस्थानातील इतर व्हिकर ह्यांचाही त्यात वाटा होता. तथापि कागदपत्रे, आकडे आणि अर्ज घेऊन दारोदार हिंडण्याचे कंटाळवाणे काम ज्यांनी केले त्यांत त्यांचे स्थान वरचे आहे. स्वतंत्र भारताच्या भूदलात आज पंडित, ग्रंथी आणि मौलवी ह्यांच्याप्रमाणे पाद्री हेही ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरच्या दर्जाचे धर्मशिक्षक म्हणून नेमले जातात, ह्याची माहिती आपल्या तरुणांपैकी फार थोड्यांना असते.

त्याच १८५८ साली हार्टमन मुंबईच्या पदावरून निवृत्त झाले. मुंबई-पुण्याचे संपूर्ण मिशन येशूसंघाकडे आले आणि छावण्यांची सेवाही त्या संघाच्या धर्मगुरूंनी पुढे चालविली. हार्टमन ह्यांना रोममध्ये कपुचिन मिशनचे संचालकपद देण्यात आले. सन्मानाचे, सुरक्षित आणि थंड हवेतले ते काम होते. परंतु त्यांनी पुन्हा पाटण्यास जाण्याची तयारी दाखविली आणि १८६० मध्ये, सत्तावन्न वर्षांचे असताना, ते व्हिकर म्हणून तिथे परतले. अखेरच्या वर्षांत त्यांनी नवा करार हिंदुस्थानी भाषेत आणला आणि धर्मशिक्षणाचे पुस्तक तयार केले. शिक्षकाची त्यांची मूळ वृत्ती अशी शेवटी पुन्हा वर आली.

एप्रिल १८६६ मध्ये पाटण्याजवळ कुर्जी येथे त्यांना पटकीची लागण झाली. ज्या रोगाने त्यांचे सैनिक, त्यांचे धर्मगुरू आणि त्या धर्मगुरूंचे निनावी मदतनीस वर्षानुवर्षे नेले, त्याच रोगाने २४ एप्रिल रोजी त्यांचेही प्राण घेतले. त्यांचे वय त्रेसष्ट वर्षांचे होते.

पेर्सिको ह्यांची प्रकृती १८५७ च्या ताणाने खचली होती. १८६० मध्ये ते इटलीस परत निघाले आणि वाटेत त्यांचे जहाजही फुटले. त्यातून वाचून ते पुढे अमेरिकेत मिशनरी व बिशप झाले. १८८७ मध्ये पोप तेरावे लिओ ह्यांनी त्यांना आयर्लंडची परिस्थिती पाहण्यासाठी पाठविले. ज्या देशाची मुले त्यांनी पाटणा, मुंबई आणि आग्र्याच्या छावण्यांत पाहिली होती, तो देश त्यांनी साठी ओलांडल्यावर पाहिला. १८९३ मध्ये ते कार्डिनल झाले आणि दोन वर्षांनी निवर्तले.

हार्टमन ह्यांच्या संतपदाच्या प्रक्रियेस १९०६ मध्ये आरंभ झाला. १९९८ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांचे सद्गुण असामान्य कोटीचे असल्याचे मान्य करून त्यांना वंदनीय घोषित केले. त्यांना धन्यवादित म्हणून जाहीर करण्यासाठी त्यांच्या मध्यस्थीने घडलेल्या एका चमत्काराला मान्यता मिळावी लागेल. पाटण्याची मंडळी आणि कपुचिन संघाचे बांधव त्यासाठी प्रार्थना करीत आले आहेत. मुंबईच्या भाविकांनाही २४ एप्रिल रोजी मिस्सामध्ये त्यांचे स्मरण करता येईल.